समोसा तोच, मग चव कुठं गेली?

‘मोटू पतलू आता पहिल्यासारखं राहिलं नाही.’ हे वाक्य तुम्ही कुठं ना कुठं ऐकलंय. कॉलेजच्या कट्ट्यावर, मेसमध्ये, नाहीतर एखाद्या रीलखाली. कदाचित तुम्हीच बोलला असाल. त्यावरचं उत्तरही ठरलेलं असतं, ‘कार्टून तेच आहे रे, तू मोठा झालास.’ झालं, विषय संपला.

मला वाटतं, विषय इथं संपायला नको. ‘तू मोठा झालास’ म्हटलं की बनवणारा सुटतो, दाखवणारा सुटतो आणि आज जो सात वर्षांचा आहे त्याच्या ताटात काय वाढलं जातंय, हे कुणीच बघत नाही. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकते. होय, मोटू पतलू घसरलंय. पण आपण त्याला ज्या कारणांसाठी नावं ठेवतो, त्यातली बरीचशी कारणं खरी नाहीत.

आधी थोडं मागं जाऊ. ही जोडी टीव्हीवर जन्मलेली नाही. ‘लोटपोट’ या हिंदी बालमासिकात कृपाशंकर भारद्वाज यांनी ती रंगवली. आपल्या आई-बाबांच्या लहानपणी ती कागदावर होती. टीव्हीवर ती आली १६ ऑक्टोबर २०१२ रोजी, निकलोडियनवर. बनवणारा स्टुडिओ मुंबईचा, कॉसमॉस-माया. दिग्दर्शक सुहास कडव. शीर्षकगीत चक्क गुलजारांचं. आणि मोटू, पतलू या दोघांनाही आवाज एकाच माणसाचा, सौरव चक्रवर्ती यांचा. म्हणजे बघा, तयारी काही किरकोळ नव्हती.

आमची बॅच तेव्हा आठ-दहा वर्षांची. त्याआधी आमच्याकडं काय होतं? जपानचे डोरेमॉन आणि शिनचॅन, अमेरिकेचे टॉम आणि जेरी, आणि २००८ पासून आपला छोटा भीम. पण भीमाच्या ढोलकपुरात राजा होता, पैलवान होते. फुरफुरीनगरात चहाचं दुकान होतं! गरम समोसे होते, बढाया मारणारा इन्स्पेक्टर होता, उलटीसुलटी यंत्रं बनवणारा डॉक्टर होता आणि ‘डॉन’ व्हायचं स्वप्न बघणारा एक फुसका गुंड होता. मधोमध दोन रिकामटेकडी माणसं. अशी माणसं आपल्या प्रत्येक गावाच्या पारावर बसलेली असतात. बीड जिल्ह्यातल्या पोराला फुरफुरीनगर परकं वाटायचं काही कारणच नव्हतं.

आणि हसू कशाचं यायचं? भुकेचं. रिकाम्या पोटी आपल्या डोक्याची बत्ती पेटत नाही, असं मोटू म्हणायचा. गडी अंगानं दांडगा, पण समोशापुढं लाचार. चहावाल्याची नजर चुकवून एक समोसा उचलायचा आणि तिथून सगळा गोंधळ सुरू. त्याची ताकद बघून नाही, त्याची कमजोरी बघून आपण हसायचो.

दोन तक्रारी, दोन्ही लंगड्या

पहिली तक्रार, ‘तेच तेच दाखवतात.’ अहो, विनोदाचं निम्मं काम ‘तेच तेच’वरच चालतं. तमाशाच्या बतावणीत सोंगाड्या आला की तो काय करणार हे पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला पाठ असतं, तरी तो हसतोच. जाडा-बारीक ही जोडीसुद्धा नवी नाही. चिं. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ आठवा. एक किरकोळ, भित्रा. दुसरा आडदांड, धडाडीचा. सत्तरच्या दशकाच्या अखेरीला दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी ते उभे केले, तर आजही घरातली मोठी माणसं नावं घेतात. साचा जुना असणं हा गुन्हा नाही. साच्यात काही ओतलंच नाही, तर तो गुन्हा.

दुसरी तक्रार, ‘फुरफुरीनगर सोडून कुठंही भटकायला लागले.’ चंद्रावर गेले, समुद्राच्या तळाशी गेले, जादूच्या राज्यात गेले. मलाही हे खटकायचं. पण इथं अमेरिकेतलं एक उदाहरण बघण्यासारखं आहे. ‘द सिम्पसन्स’ ही कार्टून मालिका १९८९ पासून चालू आहे आणि ती कधी घसरली यावर तिथं वर्षानुवर्षं भांडणं होतात. त्या मालिकेतला होमर हा आळशी, खादाड बाप १९९४ च्या एका भागात थेट अंतराळात गेला. तरी तो भाग लोक डोक्यावर घेतात. का? कारण यानात बसूनही हा गडी होमरच राहिला. चोरून नेलेली वेफर्सची पिशवी फोडली आणि सगळ्या यानात वेफर्स तरंगायला लागले. खादाडपणा इथला, गोंधळ तिथला. म्हणजे चंद्रावर गेल्यानं विनोद मरत नाही. चंद्रावर जाताना माणूस घरी विसरला की मरतो.

मग घसरलं काय?

माझ्या मते घसरला तो समोसा. हसू नका, खरंच.

सुरुवातीलाही मोटू समोसा खाऊन जॉनला लोळवायचाच, पॉपायच्या पालकासारखा. पण तेव्हा समोसा ही भानगडीची सुरुवात असायची. समोशासाठी चोरी, चोरीमुळं पळापळ, पळापळीत तिसऱ्याचंच नुकसान. एकातून एक गोष्ट निघायची. पुढं पुढं समोसा नुसतं बटण झाला. संकट आलं, समोसा खाल्ला, दाणदाण मार, संपला भाग. भूक ही कमजोरी होती, ती सुपरपॉवर झाली. आणि ज्याच्याकडं सुपरपॉवर आहे, त्याला हसायचं कसं? त्याला फक्त टाळ्या वाजवता येतात.

यात जास्त नुकसान पतलूचं झालं. तो जोडीतला डोकं चालवणारा. ‘आयडिया’ त्याची, आणि ती अंमलात आणताना वाट लावणार मोटू. हा मूळ हिशेब होता. शेवटी मारामारीच सुटका करणार असेल, तर आयडियाची गरज काय? पतलू मग बाजूला उभा राहून ओरडणारा माणूस होतो. उरतात त्या लकबी. इन्स्पेक्टर चिंगमचा दाक्षिणात्य हेल, डॉ. झटकांचा पंजाबी, घसीटारामचा वीस वर्षांचा अनुभव. हेल हा पहिल्यांदा गमतीचा असतो. शंभराव्यांदा, त्यामागं प्रसंग नसेल तर, ती फक्त दुसऱ्याच्या बोलण्याची टवाळी उरते.

हे असं का झालं? कुणाला अक्कल नाही म्हणून नव्हे. हिशेब साधा आहे. एक गोष्ट साधारण ११ मिनिटांची. चॅनलला दिवसभर दाखवायला माल लागतो. मोटू पतलू चाललं म्हणून भाग वाढले, टीव्हीपुरते लांब सिनेमे आले, २०१६ मध्ये थिएटरात ‘किंग ऑफ किंग्ज’ आला. त्याच स्टुडिओतून मध्येच ‘वीर’, ‘शिवा’ अशा मालिकाही निघाल्या. चित्रं काढायला कॉम्प्युटर मदत करतो, गोष्ट सुचायला वेळच लागतो.

वेळेची किंमत बघायची असेल तर टॉम आणि जेरीकडं बघा. हॅना आणि बार्बेरा या जोडीनं १९४० ते १९५८ या काळात त्यांचे ११४ लघुपट केले. वर्षाला सरासरी सहा, आणि त्यातल्या सातांना ऑस्कर! पुढं एमजीएमनं आपला कार्टून विभाग बंद केला आणि १९६१-६२ मध्ये कमी पैशात १३ लघुपट प्रागहून करून घेतले. मांजर तेच, उंदीर तोच. पण ते भाग सुरू झाले की आजही लगेच कळतं, काहीतरी बिनसलंय. त्यासाठी बघणाऱ्यानं ‘मोठं’ व्हायची गरज पडत नाही.

कपिलधारच्या पोरांना विचारलं

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं बावीस वर्षांच्या पोरीचं रडगाणं. म्हणून सुट्टीत कपिलधारला मी एक उद्योग केला. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, कपिलधार म्हणजे मांजरसुंब्याजवळ, बालाघाटाच्या कुशीतलं मन्मथस्वामींचं समाधीस्थळ. पावसाळ्यात धबधब्याला गर्दी, कार्तिकी पौर्णिमेला मोठी यात्रा. यात्रेत फुग्यांवर, दप्तरांवर, मुखवट्यांवर मोटू-पतलू आजही असतात. म्हणजे जोडी लोकप्रिय आहे, यात वाद नाही.

तिथल्या चार पोरांना मोबाईलवर सुरुवातीच्या काळातला एक भाग दाखवला आणि नंतरचा एक. सगळी सहा ते नऊ वयाची, त्यांना ना जुन्याची आठवण ना नव्याचा राग. हसली ती दोन्हीला, खोटं कशाला सांगू. पण नंतर मी म्हटलं, ‘आता मला गोष्ट सांगा.’ जुन्या भागाची गोष्ट चौघंही एकमेकांचं बोलणं तोडत सांगायला लागली. एक मोटू झाला, एक चहावाला झाला, पळापळ सुरू झाली. नव्याबद्दल विचारलं तर एकजण म्हणाला, ‘ताई, त्यानं समोसा खाल्ला अन् लई मारलं.’ कुणाला? का? ‘काय की.’

चार पोरं म्हणजे काही संशोधन नव्हे, मान्य. पण ‘काय की’ हे उत्तर माझ्या डोक्यातून जात नाही. हसू दोन्हीकडं आलं. गोष्ट एकीकडंच उरली.

एवढं मनावर का घ्यायचं?

कारण ही पोरं कार्टून कधी बघतात आणि कुणाबरोबर बघतात, हे आपल्या जिल्ह्यात वेगळं आहे. दसरा-दिवाळी झाली की आई-बाप कोयता घेऊन कारखान्याला जातात. काही लेकरं त्यांच्याबरोबर फडात, काही हंगामी वसतिगृहात, आणि बरीचशी आजी-आजोबांकडं. आजीला दिसत कमी, गोष्टी सांगायचा दम उरलेला नसतो. संध्याकाळी हातात मोबाईल येतो. मार्च-एप्रिलपर्यंत कितीतरी घरांत लेकराला हसवणारं माणूस म्हणजे मोटू आणि पतलू. शहरातल्या पोराला कार्टून हा दहा पर्यायांतला एक. इथं काही घरांत तेच कंपनी, तेच गोष्टीचं पुस्तक.

म्हणून ‘पोरं काय, काहीही बघतात’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त टोचतं. पोरं काहीही बघतात, हे खरंय. म्हणूनच त्यांच्यासाठी काहीही बनवायचं नसतं. मोठ्यांच्या विनोदाबद्दल आपण किती जागरूक असतो बघा. ‘चला हवा येऊ द्या’ २०१४ ते २०२४ चाललं. शेवटच्या वर्षांत ‘आता तेवढी मजा नाही’ हे घराघरांत बोललं गेलं, लिहिलं गेलं. लहानांच्या कार्टूनबद्दल अशी चर्चा कुठं दिसते? सात वर्षांचा प्रेक्षक चॅनलला पत्र लिहीत नाही.

आणि एक गोष्ट भाषेची. ज्या महाराष्ट्रात हे कार्टून बनलं, त्याच महाराष्ट्रातली पोरं चिडली की हिंदीत चिडतात, घाबरली की हिंदीत घाबरतात. हिंदीशी माझं भांडण नाही, मोटू-पतलूवर माझं प्रेमच आहे. पण चिमणराव, गुंड्याभाऊ ज्या भाषेत आहेत, जिच्यात गावोगाव सोंगाडे आहेत, तिच्यात मुळातून लिहिलेलं, वर्षानुवर्षं चाललेलं एक कार्टून तुम्हाला पटकन आठवतंय? मुंबईत स्टुडिओ आहेत, कलाकार आहेत, आवाज आहेत. घसरलेल्या कार्टूनला नावं ठेवताना हा प्रश्नही विचारायला हवा.

मागणी फार मोठी नाही. भाग कमी करा, लिहिणाऱ्याला वेळ द्या. मोटूला पुन्हा भूक लागू द्या, खरीखुरी, अडचणीत आणणारी. पतलूला त्याचं डोकं परत द्या.

आणि तुम्हाला एक काम. घरात धाकटं भावंडं, भाचा, शेजारचं पोरगं असेलच. त्याच्या शेजारी बसून एक भाग बघा, फक्त ११ मिनिटं. मग त्याला म्हणा, ‘मला गोष्ट सांग.’ सांगता आली तर कार्टून चांगलं चाललंय. ‘काय की’ म्हणाला, तर तुमच्या लहानपणीची एखादी गोष्ट त्याला सांगा. मराठीत, तुमच्या गावच्या बोलीत. चॅनल बदलेल तेव्हा बदलेल, तोवर एवढं तर आपल्या हातात आहे.