सर्सीला कारण कशाला हवं?

ग्रीक पुराणांतल्या बायकांवर कादंबऱ्यांची नुसती रांग लागली आहे. सर्सी झाली, अरियाद्नी झाली, इलेक्ट्रा झाली, मेड्युसा झाली. आणि कौतुक बहुतेक वेळा एकच: हजारो वर्षं गप्प बसवलेल्या स्त्रीला अखेर आवाज मिळाला म्हणे!

गप्प? कोण गप्प होतं? 'इलियड'चा शेवट काढून बघा. हेक्टरचं प्रेत घरी येतं आणि अँड्रोमकी, हेक्युबा, हेलन अशा तिघीजणी एकामागून एक त्याच्यासाठी शोक करतात. अख्ख्या युद्धकाव्याचा शेवट बायकांच्या बोलण्यावर येतो. युरिपिडीसने तर इ.स.पू. ४१५ मध्ये ट्रॉयच्या हरलेल्या बायकांवर सबंध नाटक केलं. त्याआधी काही महिन्यांपूर्वीच अथेन्सने मेलोस जिंकून तिथले पुरुष मारले होते आणि बायकापोरांना गुलाम केलं होतं. म्हणजे ते करणारेच समोर प्रेक्षकांत बसलेले! एवढी हिंमत आजच्या कुठल्या कादंबरीत आहे, सांगा मला.

माझा खरा राग मात्र वेगळ्याच गोष्टीवर आहे. होमरची सर्सी माणसांची डुकरं करते, कारण ती तशी आहे. देवी आहे, बेट तिचं आहे, मर्जी तिची. मॅडलिन मिलरच्या 'सर्सी'मध्ये (२०१८) आधी तिच्यावर बलात्कार होतो, मग ती डुकरं करायला लागते. का बुवा? बाईने काही भयंकर केलं की आधी तिच्यावर अन्याय झालेला दाखवायलाच हवा का? क्रिस्ता वोल्फच्या 'मेडिया'त (१९९६) तर मुलांना मेडिया मारतच नाही, कोरिंथचे लोक मारतात. तशी दंतकथा जुनीही आहे, मान्य. पण युरिपिडीसची मेडिया स्वतःच्या हातांनी मुलं मारून सूर्याच्या रथातून निघून जाते, आणि आपण तिला ना माफ करू शकत, ना विसरू शकत. (त्या नाटकाला स्पर्धेत तिसरा नंबर मिळाला होता, तिघांत! असो.)

आमच्याकडे इरावतीबाईंनी 'युगान्त'मध्ये गांधारीला, कुंतीला, द्रौपदीला कुठे धुऊनपुसून घेतलं होतं? म्हणून तर त्या अजून छळतात.

ज्यांना खरोखर आवाज नव्हता त्या 'ओडिसी'तल्या बारा दासी. मेलेल्यांचं रक्त त्यांच्याकडून पुसून घेतात आणि मग टेलेमाकस त्यांना फासावर लटकवतो. होमर चार-दोन ओळींत मोकळा. मार्गारेट अ‍ॅटवुडने २००५ साली 'पेनेलोपियाड'मध्ये नेमकं त्यांना बोलतं केलं, पार भुतं करून मागे लावलं. पॅट बार्करही ब्रिसेइसची छावणी, तिथला वास, गुलामी छान उभी करते. पण नाव 'सायलेन्स ऑफ द गर्ल्स' आणि अर्ध्यातून अकिलीसच्या डोक्यात शिरते, त्याला काय म्हणावं!

तर मावशी, कुठून सुरुवात करू असं तू विचारलं होतंस ना? अ‍ॅटवुड घे. पातळ आहे, दोन दुपारींत होईल. 'सर्सी' माझ्याकडे पडलीय, ती हवी तर घेऊन जा, परत नाही दिलीस तरी चालेल :)