वाडा शोधू नका, घर बघा

दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या की मला एक फोन हमखास येतो. कॉलेजातली ज्युनिअर पोरं असतात. गॅदरिंग जवळ आलेलं असतं, शॉर्टफिल्म करायची असते आणि प्रश्न ठरलेला असतो, "ताई, एखादा भुताचा वाडा माहीत आहे का?"

यंदाचा फोन जरा वेगळा होता. "ताई, आम्ही 'लपाछपी'चा रिमेक करतोय. अर्ध्या तासाचा. कॅमेरा आहे, ड्रोन आहे, म्हातारीचं काम करणारी पण भेटली. फक्त वाडा पाहिजे. आन् ऊस."

"अरे, वर्धा जिल्ह्यात ऊस कुठून आणता?"

"जामणीच्या साखर कारखान्याकडं आहे ना थोडाफार! वाड्याचंच अडलंय. हिंगणघाटकडं एक पडका वाडा पाह्यला, पण मालक रात्रीचं शूटिंग करू देत नाही."

मी म्हटलं, "बरं झालं. नकोच करू देऊ म्हणावं." पोरगा जरा नाराज झाला. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून इथं लिहितेय. त्याच्यासाठी आणि यंदा हॉरर करायच्या बेतात असलेल्या तुम्हा सगळ्यांसाठी.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' जुलै २०१७ मध्ये थिएटरला लागला. आठ महिन्यांची गरोदर नेहा, म्हणजे पूजा सावंत, नवऱ्यासोबत शहरातून पळून एका आडवळणाच्या घरात येते. नवऱ्याच्या डोक्यावर कर्ज, मागे वसुलीवाले. घराच्या चारही बाजूंना उसाचा फड. तिथं उषा नाईक यांची तुळसाबाई तिची काळजी घेते, खाऊ-पिऊ घालते. आणि मग उसातून लपाछपी खेळणाऱ्या पोरांचे आवाज यायला लागतात. शेवट सांगत नाही. एवढंच सांगते की बघताना भुतापेक्षा जिवंत माणसांवर लक्ष ठेवा.

फुरियांनीच तो पुन्हा हिंदीत केला. 'छोरी', नोव्हेंबर २०२१, ॲमेझॉन प्राइमवर. नुसरत भरुचा आणि मिता वशिष्ठ. कलाकार बदलले, भाषा बदलली, पैसा वाढला, आणि मराठी गोष्ट देशभर पोचली. याचा आनंद आहेच. मराठीतल्या झपाटलेल्या घराचा हिंदीत रिमेक होतो, हे रोज घडत नाही.

पण रिमेक करायचा म्हणजे नेमकं काय उचलायचं, हा प्रश्न उरतोच. भिंती? शॉट? की भिंतीच्या आत लपवलेलं काही?

दोन उदाहरणं देते. रॉबर्ट वाइजचा 'द हॉन्टिंग' १९६३ चा. कृष्णधवल. पूर्ण सिनेमात भूत एकदाही दिसत नाही. दारावर धडका बसतात, दार आत फुगतं, बस्स. तरीही आपण पाय पांघरुणात ओढून घेतो. १९९९ मध्ये त्याचा रिमेक आला. हाताशी कॉम्प्युटर होता, म्हणून मूर्ती हलल्या, भिंती हलल्या, भूत अख्खं दाखवलं. घर मोठं झालं आणि भीती गेली. कारण जुन्या सिनेमात घराइतकंच घाबरवत होतं ते नायिकेचं एकटेपण. ते रिमेकमध्ये सजावटीखाली दबलं.

दुसरं उदाहरण तुमच्या ओळखीचं. मल्याळममधला 'मणिचित्रताळ', १९९३. केरळातलं जुनं घर, बंद खोली, तमिळ नर्तकी नागवल्ली. २००७ मध्ये त्याचा 'भूल भुलैया' झाला. शूटिंग जयपूरजवळच्या चोमू पॅलेसमध्ये, आणि नागवल्लीची बंगाली मंजुलिका झाली. म्हणजे घर बदललं, पण 'परमुलखातून आणलेली, या घरात अन्याय झालेली बाई' ही मूळ गोष्ट शाबूत राहिली. म्हणून तो रिमेक चालला. पुढच्या भागांत नाव उरलं, विनोद उरला. तो वेगळा धंदा.

माझं म्हणणं एवढंच. झपाटलेल्या घराच्या गोष्टीत त्या घरानं केलेलं पाप महत्त्वाचं. रिमेक करताना ते पाप आपल्या मुलखात आज कुठं राहतं, हे शोधायचं असतं. भिंती आपोआप मिळतात.

आता 'लपाछपी'चा ऊस बघा. तो नुसता दिसायला भारी म्हणून नाही. सिनेमा लागला त्याच्या चारच महिने आधी, मार्च २०१७ मध्ये, सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळमध्ये पुरलेले १९ भ्रूण सापडले होते. गर्भपातादरम्यान एका बाईचा जीव गेला आणि तपासात ते उघडं पडलं. म्हैसाळ ऊसपट्ट्यातलं, पैसा असलेल्या भागातलं गाव. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ० ते ६ वयोगटात हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. दहा वर्षांपूर्वी ९१३ होत्या. बीड जिल्ह्यात तर ८०७. त्याच वर्षी सातारा जिल्ह्यात 'नकुशा' नावाच्या २८५ मुलींची नावं समारंभ करून बदलली गेली. त्या प्रेक्षकाला उसाच्या फडात पोरांचा आवाज ऐकू आला, तेव्हा तो आवाज कुठून येतोय हे त्याला सांगावं लागलं नाही.

'छोरी'नं मात्र ऊस तसाच उचलला. दूरचं खोपटं, दुष्ट म्हातारी, मंतरलेली पोरं, सगळं कायम. सिनेमा घाबरवतो, मुद्दा पण पोचवतो. पण एक गडबड होते. बघणाऱ्याला सुटायला वाट मिळते. 'तिकडं असतं असं. अडाणी लोकं.' स्क्रीन बंद केली की पाप पण तिथंच बंद.

हे मी माझ्या हॉस्टेलच्या खोलीत पाहिलंय. डिसेंबर २०२१, लॉकडाउननंतर कॉलेज नुकतं सुरू झालेलं. सहा जणी, एक लॅपटॉप, दोन ब्लँकेटं. सिनेमा संपला तशी एक जण म्हणाली, "बरं बाप्पा, आपल्या इकडं असं नसते." सगळ्या हसलो. एक सोडून. ती एरवी हॉरर बघताना सगळ्यात मोठ्यानं हसणारी.

रात्री गॅलरीत कपडे काढताना ती आपणहून बोलली. "माझ्यात आणि माझ्या भावात नऊ वर्षांचं अंतर आहे. मधल्या काळात आई तीनदा नागपूरले गेली. आली की आठ-आठ दिवस झोपून राहे. आजी म्हणे, पोट दुखते तिचं. बारावीले बायो शिकली तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला." मग थोडं थांबून म्हणाली, "आमच्या घरी कोणी वाईट नाही गं. बाबा मला स्टँडवर घ्यायला गाडी घेऊन येतात. आजी माझ्यासाठी लाडू करून पाठवते. पण मी किती जणींची मोठी बहीण आहे, हे मले माहीत नाही."

हे लिहायची तिची परवानगी घेतली आहे. नाव-गाव लिहिणार नाही, असं कबूलही केलंय.

आता सांगा, झपाटलेलं घर कोणतं? हिंगणघाटकडचा पडका वाडा, की टाइल्स बसवलेलं, अंगणात तुळस असलेलं, वायफाय असलेलं ते घर? त्या घरात म्हातारी दुष्ट नाही, नवरा दारू पीत नाही, सून शिकलेली आहे. कोणी किंचाळत नाही. फक्त वर्षांचा हिशोब जुळत नाही.

म्हणून माझं म्हणणं, 'लपाछपी'चा वर्ध्यातला रिमेक असाच करा. ऊस काढून टाका. आपला मुलूख कापसाचा. उसात माणूस हरवतो, दोन हातांवरचं दिसत नाही. म्हणून तिथं भीती वाटते. आपल्या पऱ्हाटीच्या वावरात उलटं आहे. या धुऱ्यावरून त्या धुऱ्यापर्यंत सगळं दिसतं. बाई गाडीत बसून कुठं गेली, कधी आली, पोट होतं की नव्हतं, गल्लीत सगळ्यांना माहीत असतं. आणि कोणीच बोलत नाही. ही भीती जास्त खोल आहे, आणि ती आपली आहे.

तुमची बंद खोली पण तयार आहे. सोनोग्राफी सेंटर कधी आतून पाहिलंय? बाहेर बोर्ड असतो, गर्भलिंग तपासणी इथं होत नाही, तो गुन्हा आहे. आत अंधार. एसीचा गारठा. पोटावर थंड जेल. पडद्यावर करड्या रंगाची सावली हलते. सगळे गप्प. बाई डॉक्टरच्या चेहऱ्याकडं बघते आणि नवरा पडद्याकडं. जगातल्या कोणत्याही हॉरर डायरेक्टरला असा सेट मिळाला तर तो नाचेल. यात भूत दाखवायची गरजच काय? रॉबर्ट वाइजसारखं करा. कॅमेरा फक्त बाईच्या चेहऱ्यावर ठेवा आणि शांतता वाढवत न्या.

आणि हा बोर्ड आला कसा, तेही कथेत येऊ द्या. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशात सगळ्यात आधी कायदा केला तो महाराष्ट्रानं, १९८८ मध्ये. देशाचा कायदा १९९४ चा. म्हणजे तुमच्या-माझ्या जन्माच्या आधीपासून हे बेकायदा आहे. तरी २०११ चे आकडे वर दिलेत ते आहेत. दारावर 'उघडू नका' लिहिलेलं असतानाही दार उघडणारी माणसं भुताच्या सिनेमात मूर्ख वाटतात. इथं ती हुशार समजली जातात.

इथं एक सावधगिरी मात्र बाळगा. गर्भपात म्हणजेच पाप, असा सिनेमा करू नका. कायद्यानं ठरवून दिलेल्या मर्यादेत सुरक्षित गर्भपाताची सोय १९७१ पासून आहे, आणि अडचणीतल्या कितीतरी मुलींचा जीव त्यानं वाचतो. मुलगी आहे म्हणून गर्भ काढणं हा गुन्हा. ही रेघ पुसट झाली तर तुमचा सिनेमा पोरींच्या बाजूनं बोलता बोलता पोरींनाच दोषी ठरवेल.

आर्वीची आठवण असेल तुम्हाला. जानेवारी २०२२, 'छोरी' येऊन जेमतेम दोन महिने झालेले. एका खासगी रुग्णालयाच्या आवारातल्या बायोगॅसच्या खड्ड्यातून ११ कवट्या आणि ५४ हाडं निघाली. अल्पवयीन मुलीच्या बेकायदा गर्भपाताच्या तक्रारीवरून तपास सुरू झाला होता. गर्भलिंगाचं प्रकरण म्हणून मी ते सांगत नाही, आणि दोषी कोण हे न्यायालयानं ठरवायचं. मी सांगतेय आपल्याबद्दल. आठ दिवस प्रत्येक ग्रुपवर ते फोटो फिरले. "अबे, आपली आर्वी नॅशनल न्यूजवर!" पुढच्या आठवड्यात विषय संपला. त्या मुलीचं पुढं काय झालं, हे ग्रुपवर कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. मीही विचारलं नव्हतं.

आता तुमचा प्रश्न येणार, मला माहीत आहे. "ताई, पण हे तर सामाजिक झालं. हॉरर कुठं आहे? पोरं शिट्ट्या कधी मारणार?"

मुद्दा रास्त आहे. गॅदरिंगला भाषण नको असतं, घाबरायचं असतं. घाबरवा की! पाळणा आपोआप हलू द्या. घरात एकच मुलगी असताना जेवायला चार ताटं मांडलेली दिसू द्या, आणि आईला त्यात काही वेगळं वाटू देऊ नका. लपाछपीत राज्य आलेली पोरगी शंभरपर्यंत मोजून डोळे उघडते आणि लपलेल्या तिघींपैकी एकही सापडत नाही, असा सीन घ्या. हॉररची सगळी हत्यारं वापरा. फक्त भुताला दुसऱ्याच्या गावात हाकलून देऊ नका. थिएटरमधून, म्हणजे आपल्या कॉलेजच्या हॉलमधून, बाहेर पडणाऱ्या पोराला 'तिकडं असतं असं' म्हणता येऊ नये, एवढं झालं तरी तुमचा रिमेक 'छोरी'च्या एक पाऊल पुढं गेला.

त्या ज्युनिअर पोराला मी शेवटी एवढंच म्हटलं, की स्क्रिप्ट लिहायच्या आधी टीममधल्या प्रत्येकानं एका कागदावर आपल्या घरातल्या भावंडांची जन्मवर्षं लिहावी. आत्याच्या घरची, मामाच्या घरची पण. कुठं मोठं अंतर दिसलं तर लगेच संशय घेऊ नका, अंतराला शंभर कारणं असतात. पण विचारावंसं वाटलंच तर आईला विचारू नका. तिनं ते एकदा भोगलंय. बाबांना विचारा.

पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मला वाटलं रेंज गेली.

मग तो म्हणाला, "ताई, वाडा कॅन्सल करतो."