पाय मोकळे, कापड पक्कं

2016 च्या सोडतीत मुंबईच्या गिरणी कामगारांना पनवेलजवळच्या आमच्या कोन गावात सुमारे 2,400 घरं लागली. 160 चौरस फुटांच्या दोन खोल्या जोडून एक घर. त्यामुळे इथल्या जिन्यात कापडावर बोलणारं माणूस सहज भेटतं. माझे वडील गिरणीच्या साचेखात्यात, मागावर होते. 1982 च्या संपात साचा सुटला, पण कापड हाती आलं की आधी चोळून बघायची सवय सुटली नाही. ती माझ्यातही उतरली.

मी सुतारकाम करतो. मे महिन्यात जीन्स घालून रंधा मारला की मांड्यांवर घामोळं उठतं. साधी लुंगी हवेशीर खरी, पण तिचं लोंबतं टोक कटर मशीनजवळ धोक्याचं. म्हणून यंदा कामासाठी आखूड, कमरपट्ट्याची, खिशांची लुंगी शिवून घेतली. सुरका नेसलेल्या कोळ्यांचे पाय चिखलात मोकळे राहतात, तसाच मोकळेपणा मला हवा होता. घडण मात्र स्कॉटलंडच्या किल्टची घेतली: पुढे सपाट पदर, मागे चुण्या. त्यांची लोकर आपल्याकडे निरुपयोगी. अमेरिकेत सिअॅटलला 2000 मध्ये जाड सुती कापडाचे कामाचे किल्ट शिवले जाऊ लागले. मीही सूतच निवडलं.

सुतातही फरक आहे. पॉपलिन खिळ्याला अडकलं की टरकतं. टेरिकॉट लवकर वाळतं, पण घामाने अंगाला चिकटतं. जाड कॅनव्हास इथल्या जुलैत दोन-दोन दिवस ओला राहतो. मला पटलं ते मध्यम वजनाचं सुती ड्रिल, चौरस मीटरला 200 ते 250 ग्रॅम. त्याची तिरपी वीण घासणीला टिकते आणि चुणीही धरते. घेताना ते उजेडासमोर धरा आणि जोरात चोळा. पांढरी भुकटी पडली, तर तो जाडपणा खळीचा. दोन धुण्यांत कापड विरविरीत होईल.

माप पँटचं देऊ नका. पट्टा बेंबीच्या रेषेत बसतो, तिथला घेर मोजायचा. पुढचे दोन्ही पदर एकमेकांवर पूर्ण यायला हवेत. आपली निम्मी कामं जमिनीवर बसून होतात, म्हणून शिंप्यासमोर उकिडवं बसून दाखवा. माझ्या पहिल्या लुंगीत मागचा घेर कमी पडला; बसताच पुढचे पदर फाकायचे. उसवून चुण्या वाढवल्या तेव्हा ती अंगाची झाली. लांबी गुडघ्याच्या मध्यापर्यंत पुरे. टेप आणि पेन्सिलीचा खिसा बाजूला हवा, पुढे नको. वाकलं की तो पोटात रुततो.

आणखी एक. न आटवलेलं सुती कापड पहिल्या धुण्यात दोन मीटरला सहज दहा सेंटिमीटर आटतं. तेव्हा कापड रात्रभर पाण्यात भिजवा, वाळवा आणि मगच शिंप्याकडे न्या.