शाळा तपासायची ती कुणाच्या नजरेनं?



हा अंक शिक्षणावर काढायचं ठरलं ते एका विनंतीमुळे. मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका वस्तीतल्या बायका आपल्या केंद्रावर आल्या. वस्तीला लागून असलेली महापालिकेची मराठी प्राथमिक शाळा पट घटल्यामुळे हमरस्त्यापलीकडच्या शाळेत विलीन होणार, अशी कुणकुण त्यांना लागली होती. "ताई, शाळा चांगली आहे एवढं तुमच्या कागदावर लिहून द्या," असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, लिहून द्यायचं तर आधी तपासायला हवं. मुख्याध्यापिकांची परवानगी काढून आम्ही चौघी तीन आठवडे त्या शाळेत जात राहिलो.

समाजकार्याच्या अभ्यासक्रमात पाहणी कशी करायची हे शिकले होते. त्याप्रमाणे तक्ता केला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातले निकष घेतले : पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे एक शिक्षक, मुलगे व मुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, ग्रंथालय, खेळाचं साहित्य, वर्षाला पाचवीपर्यंत किमान २०० आणि पुढे २२० दिवस कामकाज. दोन दिवसांत बहुतेक रकान्यांत 'होय' पडलं. पुस्तकं, गणवेश, दप्तर फुकट मिळतं. दुपारची खिचडी येते. हॉलमध्ये सावित्रीबाईंची तसबीर आहे. माझ्या तक्त्यात शाळा पास झाली होती.

तो तक्ता मी शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालक बायकांना वाचून दाखवला. चार घरची धुणीभांडी उरकून आलेली एक आई शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "खरं आहे ताई. पण माझी पोर आठवड्यातून दोन दिवस घरी का राहते, ते यात कुठं येतं?"

ते कुठंच येत नव्हतं. मग आम्ही हजेरीपट पुन्हा मागून घेतला. पहिल्यांदा मी पानाच्या तळाशी असलेली बेरीज पाहिली होती, महिन्याची सरासरी काढली होती. आता एकेका मुलीची ओळ आडवी वाचली. मुलग्यांच्या गैरहजेऱ्या विखुरलेल्या होत्या. मोठ्या मुलींच्या मात्र ठरावीक जागी येत होत्या. कुणाची आई ज्या दिवशी जादा काम घेते, त्या दिवशी धाकट्या भावाला सांभाळायला सहावीतली बहीण घरी, कारण बालवाडीची आणि शाळेची वेळ जुळत नाही. कुणाची गैरहजेरी दर महिन्याला सलग तीन-चार दिवसांची. त्याचं कारण विचारायलाच नको होतं, तरी आम्ही मुलींना विचारलं. बराच वेळ खाली बघून एकीनं सांगितलं, "संडासाला कडी नाही."

माझ्या तक्त्यात 'मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह : होय' असं लिहिलेलं होतं. ते खोटं नव्हतं. चार संडास होते. दोनांना कड्या नव्हत्या, एकाला कुलूप होतं आणि किल्ली शिपायाकडे. पाणी फक्त तळमजल्यावर. मोठ्या मुलींचे वर्ग दुसऱ्या मजल्यावर. सकाळी सातला आलेल्या मुली साडेबारापर्यंत पाणी पीत नाहीत, म्हणजे जावं लागत नाही. शिक्षिकांच्या स्वच्छतागृहाला कडी आहे, पाणीही आहे. तिथं मुलींना जाऊ द्यावं असं कुणाच्या मनात आलं नाही, आणि खरं सांगायचं तर पहिले दोन दिवस आम्ही तेच वापरत होतो. म्हणून आम्हालाही कळलं नाही.

दुसरी गोष्ट पटाची. पट घटला हे खरंच. पण कुणाचा घटला? वरच्या वर्गांत मुली जास्त, मुलगे कमी. आम्ही घरोघर गेलो तेव्हा उलगडा झाला. एकाच घरातला भाऊ फी भरून खाजगी इंग्रजी शाळेत, बहीण महापालिकेच्या शाळेत. आईबापांना मुलगी नकोशी आहे असं नाही. पैसे एकाचेच आहेत, आणि ते कुणावर घालायचे हे आपल्याकडे ठरलेलंच असतं. म्हणजे ज्याला बाहेर काढणं परवडलं तो बाहेर गेला आणि जिच्यासाठी दुसरी सोय नाही ती उरली. अशी शाळा 'पट नाही' म्हणून बंद होते तेव्हा ती प्रामुख्यानं मुलींची शाळा बंद होते. हमरस्ता ओलांडून भाऊ जाईल. बहिणीला आई पाठवील का? दुपारच्या सत्रातून सुटून हिवाळ्यात अंधार पडता पडता परतायचं असेल तर? पाचवीपर्यंतची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी असा नियम आहे. नकाशावर पलीकडची शाळा त्यात बसते. रस्ता ओलांडायचा कसा, हे नकाशा सांगत नाही. म्हणूनच 'समायोजन' हा कार्यालयीन शब्द आपल्या चळवळीनं शिक्षण खात्याचा म्हणून सोडून देऊ नये.

शिक्षिकांबद्दल लिहिणं भाग आहे, कारण महापालिकेची शाळा म्हटलं की त्यांना बोल लावणं सोपं असतं. एक बाई दोन वर्ग सांभाळत होत्या, कारण दुसऱ्या बाई मतदार यादीच्या कामावर. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून इतर कामांना शिक्षकांना जुंपायचं नाही असं कायद्याचं २७ वं कलम म्हणतं. पण सूट दिलेली कामंच एवढी की वर्ग उघडा पडतो. आणि त्या दोन वर्ग सांभाळणाऱ्या बाईच गैरहजर मुलींच्या घरी संध्याकाळी जाऊन येतात. त्याचा रकाना कुठल्याच तपासणीत नसतो.

हे सगळं हाती आल्यावर आमच्यात वाद झाला. दोन बैठका त्यातच गेल्या. कड्या नाहीत, पाणी नाही, वर्गाला शिक्षिका नाही असं लिहिलं तर तेच कारण पुढे करून शाळा बंद करतील, म्हणून सौम्य लिहावं, असं काहीजणींचं मत. मलाही एक वेळ तसंच वाटलं होतं. वस्तीतल्या बायकांना विचारलं तेव्हा त्याच आईनं सांगितलं, "झाकलंत तर शाळा राहील, पण अशीच राहील. सगळं लिहा. फक्त पुढं हेही लिहा की हे करायचं कुणी."

अहवालाचा साचा त्या एका वाक्यानं बदलला. प्रत्येक त्रुटीपुढे आता दोन रकाने आहेत : जबाबदारी कुणाची आणि कधीपर्यंत. कडी आणि किल्ली मुख्याध्यापिकांची, पंधरा दिवस. वरच्या मजल्यावरचं पाणी प्रभाग कार्यालयाचं, एक सत्र. बालवाडीची वेळ शिक्षण विभागाची, पुढच्या जूनपर्यंत. कायद्यानं जुन्या शाळांना निकष पूर्ण करायला तीन वर्षं दिली होती, ती मुदत ३१ मार्च २०१३ लाच संपली. तेव्हा त्रुटी हा शाळेवरचा आरोप नाही, पालिकेकडची थकबाकी आहे. आणि थकबाकीदारानं कर्जाची वहीच फाडून टाकावी, हे आम्हाला मान्य नाही.

अहवाल आमच्या नावानं गेला नाही, समितीच्या नावानं गेला. कायद्याच्या २१ व्या कलमाप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि एकूण निम्म्या स्त्रिया असायला हव्यात. शाळेचा विकास आराखडा करणं आणि अनुदानाचा खर्च पाहणं हे तिचं काम आहे. त्या शाळेत बायका समितीवर होत्याच, फक्त त्यांच्याकडे वही सही करण्यापुरती येत असे. या वेळी त्यांनी आधी वाचून घेतली, मग सही केली.

विलीनीकरणाचा निर्णय अजून झालेला नाही. शाळा जूनमध्ये उघडली. कड्या लागल्या, किल्ली खिळ्याला टांगली आहे. वरच्या मजल्यावर पाणी नाही. एवढंच सांगण्यासारखं आहे.

जाता जाता एक प्रश्न, स्वतःलाही. आपण महापालिकेच्या शाळेसाठी मोर्चे काढतो, पण आपल्यापैकी कितीजणींची मुलं तिथं जातात? आपलं मूल जिथं नाही तिथली कडी तुटलेली आपल्याला दिसत नाही, हे मी या तीन आठवड्यांत शिकले. ज्यांची मुलं तिथं आहेत त्यांच्याबरोबर बसूनच ती दिसते. तेव्हा तुमच्या प्रभागातल्या एका शाळेत जा. समितीवरच्या बायकांना भेटा. हजेरीपटाची बेरीज वाचू नका, ओळी वाचा. मुलींचं स्वच्छतागृह स्वतः वापरून पाहा. आणि जे दिसेल ते आम्हाला लिहून कळवा. पुढच्या अंकात त्यासाठी पानं राखून ठेवली आहेत.