एका दिवसाचे पाहुणे

कॅरिबियन समुद्रातल्या बेटांना म्हणे सकाळी जहाज लागते आणि संध्याकाळी भोंगा होताच प्रवासी परततात. आम्हां खंडाळेकरांना त्यात नवल ते काय? आमच्याकडे असे जहाज दर रविवारी लागते! मुंबई-पुण्याचे पाहुणे येतात. राजमाची पॉइंट, नागफणी, भुशी धरण, कार्ले, भाजे सारे एका दिवसात 'उरकतात' आणि चिक्कीचे पुडे घेऊन पळतात. निम्मा दिवस तर मोटारींच्या रांगेतच जातो.

मित्रहो, माझे मत असे की, दिवस एकच असेल तर ठिकाणही एकच असावे. परतीची गाडी आधी ठरवावी आणि तिथून मागे मोजत वेळ वाटावा. मळवलीला उतरून भाज्याला पायी जावे. दोन हजार वर्षांपूर्वी लाकडी बांधणीची नक्कल कातळात कशी उतरवली, हे पाहायला निवांतपणा हवा. नाहीतर नुसता बोरघाट न्याहाळावा. १८६३ साली येथून रेल्वे धावू लागली. ती बांधताना हजारो मजुरांनी प्राण गमावले.

आणि पावसाळ्यात ओढ्यात उतरूच नये. डोंगरमाथ्यावरचा पाऊस खालच्याला दिसत नाही, पाणी मात्र क्षणात चढते. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. 'आलोच आहोत तर भिजून घेऊ' हा मोह आवरलेला बरा.

पाहुण्यांनो, थोडेच पाहा, पण नीट पाहा. आणि सुखरूप घरी जा. खंडाळा पुढच्या रविवारीही इथेच आहे.