सही झाली, कुलूप मात्र त्यांचंच!

हॉस्टेलची अलॉटमेंट लिस्ट नोटीस बोर्डावर लागली की आपल्यात सरळ दोन गट पडतात. एक, ज्यांचं नाव लिस्टमध्ये आहे आणि जे मेसच्या आमटीला शिव्या द्यायला मोकळे झाले. दुसरा, जो पाठीवर सॅक टाकून रूम शोधायला निघाला. मग सांगलीत विश्रामबागच्या गल्ल्या, कराडात विद्यानगर, साताऱ्यात पेठांमधले जुने वाडे, सगळीकडे एकच प्रश्न ऐकू येतो, "काकू, रूम आहे का?"

रूम मिळते. डिपॉझिट जातं. स्टॅम्प पेपरवर अकरा महिन्यांचा करार होतो, दोन्ही बाजूंच्या सह्या होतात. आणि सामान टेम्पोत चढवायच्या आदल्या दिवशी फोन येतो, "अरे बाळा, आमच्या भाच्याची बदली झाली इकडे. तू दुसरीकडे बघ ना." भाचा खरा असेल तर चांगलंच आहे. पण बऱ्याचदा हा भाचा महिन्याला हजार-दीड हजार जास्त देणारा निघतो, हे दरवर्षी दिसतं.

अशा वेळी आपण काय करतो? डिपॉझिट परत मिळालं की देवाचे आभार मानतो आणि पुन्हा गल्ल्या फिरतो. माझं म्हणणं एवढंच की डिपॉझिट परत देऊन मालक सुटत नाही. तो आपल्याला आणखी काही देणं लागतो, आणि ते मागायला आपण लाजू नये.

आधी मालकांची बाजू, कारण तीही खोटी नाही. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडेकरूला एवढं संरक्षण दिलं की प्रमाणभाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला जणू गोठलं. घर एकाचं आणि पिढ्यान् पिढ्या राहणारा दुसराच! यातून वाट काढायला मालकांनी 'लिव्ह अँड लायसन्स' धरलं, म्हणजे भाडेकरू नाही, नुसता राहायची परवानगी घेतलेला माणूस. तर १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू करारावर राहणाऱ्या लायसन्सींनाही भाडेकरू करून टाकलं. मालक दुसऱ्यांदा पोळले. पुढे १९९७ च्या डिसेंबरात मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच म्हटलं की भाडं असं गोठवून ठेवणं आता वाजवी राहिलेलं नाही. मग महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. आजोबांनी चार भाडेकरूंशी कोर्टात आयुष्य घालवलेलं असलं की नातू विद्यार्थ्याकडेही संशयानेच बघणार. हे सगळं मान्य. पण आजोबांच्या भाडेकरूचा राग सेकंड इयरच्या पोरावर का काढायचा?

तर आपण सही करतो तो कागद बहुधा याच लिव्ह अँड लायसन्सचा असतो, आणि गोम तिथेच आहे. 'लीज' म्हणजे खरा भाडेपट्टा असेल तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ प्रमाणे मालकाने मागणी केल्यावर जागेचा ताबा द्यायलाच हवा. लायसन्स मात्र भारतीय सुविधाधिकार कायद्यात येतं (हाही १८८२ चाच). त्याच्या कलम ६० नुसार मालक दिलेली परवानगी सहसा मागे घेऊ शकतो. म्हणजे "मला तीच रूम पाहिजे" म्हणून हट्ट धरला तर आपली बाजू कच्ची. कागदावर नाव लायसन्स असलं तरी आतला व्यवहार काय आहे हे कोर्ट तपासतं, ही गोष्ट १९५९ च्या असोसिएटेड हॉटेल्स खटल्यापासून सगळे वकील सांगतात. पण तेवढं सिद्ध होईपर्यंत आपली डिग्री संपलेली असेल!

पण त्याच कायद्यात थोडं पुढे कलम ६४ आहे, आणि ते आपल्या बाजूचं आहे. मोबदला घेऊन परवानगी दिली आणि लायसन्सीचा काही दोष नसताना मुदतीआधी त्याला बाहेर काढलं, तर तो भरपाई मागू शकतो. बाहेर काढतानाही सामान हलवायला वाजवी वेळ द्यावा लागतो, हे कलम ६३. बॅग आणि ड्रॉइंग बोर्ड एका रात्रीत जिन्यात आणून ठेवणं यात बसत नाही. आणि आत पाऊलच ठेवू दिलं नसेल तर १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७३ आहेच. करार मोडल्यामुळे सरळसरळ जे नुकसान झालं ते मोडणाऱ्याने भरायचं.

समजा, करार महिना सहा हजारांचा होता. तो मोडल्यावर खूप शोधूनही तशीच रूम साडेसात हजारांना मिळाली. फरक दीड हजार, अकरा महिन्यांचे झाले साडेसोळा हजार. शिवाय फुकट गेलेलं टेम्पोभाडं, एजंटला दिलेले पैसे, मध्ये चार रात्री लॉजवर काढल्या त्याचं बिल. हे सगळं मागता येतं. मात्र स्वस्त रूम समोर असताना मुद्दाम महागडा फ्लॅट घेतला तर तो फरक मिळणार नाही, कारण नुकसान कमी करायचा प्रयत्न आपणही करायला हवा असं तेच कलम म्हणतं. आणि "या टेन्शनमुळे माझा एम-थ्री गेला" हे कोर्टात चालत नाही. तिथे एटीकेटीची भरपाई नाही, क्षमस्व!

आता आपल्या बाजूच्या ढिलाईबद्दल. "अकरा महिन्यांचाच आहे, रजिस्टर कशाला?" हे वाक्य मालक म्हणतात, एजंट म्हणतात, आणि स्टॅम्पचे पैसे वाचतात म्हणून आपणही मान डोलावतो. वर्षाच्या आतला भाडेपट्टा नोंदवायला लागत नसे, त्या जुन्या काळातलं हे वाक्य आहे. १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ स्पष्ट सांगतं की करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणी करून घ्यायची जबाबदारी मालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि नोंदणीकृत करार नसेल तर अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणजे नुसता नोटरीचा कागद असेल तरी हात टेकायचं कारण नाही. तरीही रजिस्टर करून घेणं केव्हाही बरं. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का. सहा हजारांच्या रूमला ते दोनशे रुपयांच्या आत बसतं. नोंदणी फी वेगळी, पण हे काम आता ऑनलाइन होतं.

सही करण्याआधी एक कलम मात्र डोळ्यांत तेल घालून वाचा, नोटिशीचं. "कोणत्याही पक्षास एक महिन्याची नोटीस देऊन करार संपवता येईल" असं असेल, तर महिन्याची नोटीस दिल्यावर मालकाला धरता येत नाही आणि आपली मागणीही त्या महिन्यापुरती आकसते. मालकाला पहिले सहा महिने तरी करार मोडता येणार नाही, अशी ओळ घालून घ्या. आणि ज्यांना अजून अठरा पूर्ण नाहीत (फर्स्ट इयरला आणि डिप्लोमाला असे पुष्कळ), त्यांनी स्वतः सही करूच नये. अज्ञानाचा करार मुळातच रद्द असतो. वडिलांची किंवा आईची सही घ्या.

फोनवर "बरं काका, ठीक आहे" म्हणून मोकळं होऊ नका. पैसे दिल्याची पावती, मालकाचा मेसेज, नव्या रूमचा करार, सगळं जपून ठेवायचं आणि मालकाला लेखी कळवायचं. पोलिसांत गेलात तर बहुतेक "दिवाणी बाब आहे" हेच ऐकाल, आणि ते साधारणपणे बरोबरही आहे. पण एकच रूम दाखवून तिघांकडून डिपॉझिट उकळलं असेल तर ती फसवणूक होते, तिथे तक्रार करायची. भरपाईच्या दाव्याला करार मोडल्यापासून तीन वर्षं मुदत आहे. सातारा आणि सांगली दोन्हीकडे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. मुलींना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, बाकीच्यांना उत्पन्नाच्या मर्यादेत. दावा न लावताही तिथे लोकअदालतीत तडजोड करता येते. अपील करत वर जायची वेळ आलीच, तर ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं खंडपीठ कोल्हापुरात बसतं आहे. पण साडेसोळा हजारांसाठी तिथवर कोण जाणार म्हणा!

माझी खरी तक्रार इथे आहे. मुदत संपूनही लायसन्सी रूम सोडत नसेल तर मालकाला कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे झटपट दाद मागता येते, आणि न सोडणाऱ्याला दुप्पट दराने पैसे भरावे लागतात. तोच मालक ठरलेल्या दिवशी रूम देत नसेल तर आपल्याला मात्र दिवाणी कोर्टाची वाट. एकाच कागदावरच्या दोन सह्या, पण एकीला एक्सप्रेस आणि दुसरीला पॅसेंजर! कायदा करणाऱ्यांनी त्याच प्राधिकाऱ्याला आमचाही अर्ज ऐकायची मुभा दिली तर काय बिघडेल?

ते होईल तेव्हा होईल. तोवर कॉलेजला एक गोष्ट करता येईल. रेक्टर सरांच्या ऑफिसात एक रजिस्टर ठेवावं. कॉलेजजवळचे जे मालक नोंदणीकृत करार करतात त्यांची नावं त्यात, आणि करार झाल्यावर ज्याने शब्द फिरवला त्याच्यापुढे तशी नोंद. नोंद करण्याआधी मालकाचंही म्हणणं ऐकावं, उगाच कोणाची बदनामी नको. यावर एक सर मला म्हणाले, "अरे, असं केलं तर मालक आपल्या पोरांना रूमच देणार नाहीत." मला नाही तसं वाटत. विश्रामबागला काय नि विद्यानगरला काय, त्या रूम भरतात त्या आपल्याच जोरावर. जुलै-ऑगस्टमध्ये आपण त्यांच्या दारात उभे असतो हे खरं, पण परीक्षा संपून रूम रिकाम्या झाल्या की तेच मालक "कोणी पार्टनर आहे का बघ रे" म्हणत आपल्याला फोन करतात.