पाणी ओतून गळती थांबत नाही!

कोलशेतकरांनो, गाडीत पायाखालची मॅट ओली, काचेवर आतून चिकट धुकं आणि गोडसर वास. गॅरेजवाला म्हणतो, "एसीचं पाणी आहे साहेब," आणि कूलंटच्या टाकीत बाटलीभर पाणी ओतून पाठवून देतो. माझ्या गाडीला तीनदा हेच केलं. नाव घेत नाही, कारण ही खोड एकट्याची नाही.

एसीचं पाणी बिनरंगी, बिनवासाचं असतं. कूलंट रंगीत आणि बोटाला बुळबुळीत. ते आत गळतं हीटर कोअरमधून. ठाण्यात हीटर लावतो कोण? पण बऱ्याच गाड्यांत हीटर बंद असला तरी गरम कूलंट त्यातून फिरतंच. इंजिन थंड असताना प्रेशर टेस्ट करा. काटा उतरला, बाहेर थेंब नाही आणि मॅट ओली, म्हणजे चोर घरातच! पण मग डॅशबोर्ड उतरवावा लागतो, म्हणून टेस्टच टाळतात.

भोगतो कोण? अशी गाडी गायमुखच्या चढावर तापून बंद पडली की अख्खा घोडबंदर रोड तुंबतो. खड्ड्यात पेव्हर ब्लॉक कोंबणाऱ्यांना आपण शिव्या देतो, मग गाडीत तीच मलमपट्टी का चालवून घेतो?

टॉप-अप नको, टेस्ट मागा. कोअर लगेच मिळत नसेल तर हीटरचे होज बायपास करून घ्या, पण ती तात्पुरती सोय. आणि जुनं कूलंट गटारात ओतू देऊ नका. त्यात बहुधा इथिलीन ग्लायकॉल असतं. गोड लागतं म्हणून कुत्री चाटतात आणि मरतात.